शालनचे तीन खोटे शिक्के

शालन, काल तुझी शोकसभा झाली आणि मी अजून रागात आहे. सकाळी चहा उतू गेला तेव्हा मी शेगडीला शिव्या दिल्या. शेजारच्या सुर्वेवहिनींनी दारातून डोकावून विचारलं, "भाऊजी, एकटेच कोणाशी भांडताय?" म्हटलं, "शालनशी." त्या हळूच आत निघून गेल्या. दुःख होतं गं, नाही असं नाही, पण ते संध्याकाळकडे येतं. सकाळपासून नुसता राग असतो.

काय झालं ते ऐक. आपल्या वाचनालयाच्या पुढच्या खोलीत, तुझ्या देवघेवीच्या टेबलासमोर, खुर्च्या मांडल्या होत्या. निम्मा डिलाईल रोड आला होता. अध्यक्षसाहेब बोलायला उठले. म्हणाले, "शालनताई म्हणजे चालतंबोलतं पुस्तक." तू असतीस तर मागून पुटपुटली असतीस, "मग नेत का नाय कोण घरी?" मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. या माणसाने स्वतः शेवटचं पुस्तक कधी नेलं, ते मी सभेआधीच नोंदवहीत शोधून ठेवलं होतं. स्वयंपाकघराचं तोंड कुठल्या दिशेला असावं याबद्दलचं होतं. अजून परत आलेलं नाही.

मग त्यांनी जाहीर केलं की ताईंचं कार्य अजरामर राहावं म्हणून मागची खोली रिकामी करून तिथे 'शालनताई स्मृती अभ्यासिका' काढायची. मागची खोली म्हणजे तुझी कादंबऱ्यांची खोली. अकरा कपाटं. त्यातली तीन राहणार, आठ कपाटांचं निर्लेखन. निर्लेखन म्हणजे दप्तरातून नाव काढायचं आणि गठ्ठे बांधून रद्दीवाल्याला बोलवायचं, हे तुला मी काय सांगू. शेवटचा निर्णय महिन्याच्या अखेरीला सर्वसाधारण सभेत, सभासदांच्या मतांनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या.

तुझ्याच कादंबऱ्या हाकलायच्या आणि वर दारावर तुझं नाव लावायचं. हे सुचायलाही डोकं लागतं.

आणि अभ्यासिकेशी तुझं भांडण कधी होतं? पुढच्या खोलीत स्पर्धा परीक्षांची पोरं कोपराला कोपर लावून बसायची, त्यांना तू जागेच्या बिल्ल्याबरोबर एक बारीकशी कादंबरी सरकवायचीस. "दहा पानं वाच. परीक्षेत येणार नाही, म्हणून वाच." एक मुलगी म्हणाली होती, "मॅडम, टाइम नाहीये." तू म्हणालीस, "मोबाइल बघतेस तेवढाच घे, जास्त नको." ती मुलगी परीक्षा पास होऊन गेली का नापास होऊन, आठवत नाही. कादंबरी परत द्यायला मात्र आली, आणि दुसरी घेऊन गेली.

वाचक कसा पकडायचा यावर आपण जन्मभर भांडलो. मी कार्यवाह. तू मला 'सेक्रेटरी' म्हणायचीस, तेही अशा सुरात की जणू मी बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीचा सेक्रेटरी आहे. एकाच चाळीत वाढल्याचा तुझा हक्क होता तो. माझ्या कल्पना मोठ्या असायच्या. कथा-कादंबरी पंधरवडा केला तेव्हा मी वाचनालयाबाहेर फ्लेक्स लावला. त्यावर माझा फोटो एवढा मोठा आला की पुस्तकांना जागाच उरली नाही. दोन बायका वर येऊन विचारून गेल्या, "निवडणूक कुठल्या वॉर्डात आहे?" मालिकेतल्या नटाला बोलावलं, तो पाऊण तास अंड्यातल्या पांढऱ्या भागावर बोलला. उत्कृष्ट परीक्षणाला प्रेशर कुकर ठेवला, तर सतरा परीक्षणं आली आणि सतराही शब्दन् शब्द मलपृष्ठावरून उतरवलेली. कुकर शेवटी कोणाला दिला ते विचारू नकोस. आमच्या घरात भात चांगला होतो.

तू यातलं काही करायची नाहीस. तू परत आलेली पुस्तकं कपाटात ठेवायचीच नाहीस. टेबलावर पसरून ठेवायचीस, कोणीतरी आत्ताच ठेवून गेल्यासारखी. मी चिडायचो, पसारा दिसतो म्हणून. तू म्हणायचीस, "कपाटातलं पुस्तक कोण मागत नाही. दुसऱ्याच्या हातातलं सगळ्यांना पाहिजे." कोणाला आवडता लेखक विचारायची नाहीस. विचारायचीस, "किती वेळ आहे? आणि सध्या कोणावर चिडलायस?" सासूवर चिडून आलेल्या एका सुनेला तू अशी कादंबरी दिलीस की त्यातली सासू तिच्या सासूच्या चौपट. चार दिवसांनी ती परत आली ती जरा निवळूनच. एका फळीवर तू स्वतःच्या अक्षरात पट्टी लावलीस, 'दोन बैठकांत संपणाऱ्या'. दुसरीवर 'घरात कोणी नसताना वाचा, रडू येतं'. मी म्हटलं, शासनमान्य वर्गीकरणात हे बसत नाही. तू म्हणालीस, "माका शिकवू नको." ती रडू येणारी फळी महिन्यात रिकामी झाली. तपासणीला साहेब आले तेव्हा मी घाईघाईने पट्टी काढून खिशात घातली, आणि साहेबांनी नेमकं विचारलं, "ती रडण्याची फळी कुठे गेली? मिसेसनी सांगितलंय."

आता त्या शनिवारबद्दल. हे आजवर दोघांतच होतं, म्हणजे असायला हवं होतं.

दुपारी मी वर आलो. कोणी नव्हतं. तू एका कोऱ्या कादंबरीच्या तारीखपट्टीवर शिक्के मारत होतीस. एक गेल्या दिवाळीतला, एक फेब्रुवारीतला, एक जरा तिरका आणि पुसट, घाईत मारल्यासारखा. त्या तिरकेपणाचं मला आजही कौतुक आहे.

"काय करतेस?"

"दिसत नाही? शिक्के मारतेय."

"गेल्या दिवाळीचा?"

"मग काय पुढच्या दिवाळीचा मारू?"

"शालन, अगं ही फसवणूक आहे. कोणी नेलेलीच नाही ती."

"तू लालबागला मिसळ खायला जातोस, तेव्हा रिकाम्या हॉटेलात शिरतोस की जिथे माणसं बाहेर उभी आहेत तिथे?"

"ती माणसं खरी असतात."

"पहिलं कोणालाच व्हायचं नसतं रे," तू शिक्क्यावर फुंकर मारत म्हणालीस. "मी पहिल्याला चौथा करते, एवढंच."

मग तू तुझे नियम सांगितलेस. "मी स्वतः वाचलेली आणि मला आवडलेली असेल तरच. तीनच शिक्के, चौथा खरा पडला पाहिजे. वर्षभरात पडला नाही तर माझी निवड चुकली, पट्टी फाडून नवी लावायची आणि गप्प बसायचं." "आणि नोंदवही?" मी विचारलं. "नोंदवहीत एक खोटं अक्षर दाखव, आजच चावी ठेवून घरी जाते." खरंच नव्हतं. मी तीन वर्षांची नोंदवही तपासली, तुझ्यासमोर, चष्मा दोनदा पुसून. शिक्के खोटे, नोंदी खऱ्या. वाचकाला फसवायचं नाही असं मी म्हणत राहिलो, त्याला हात धरून आत आणायचं असं तू म्हणत राहिलीस. तो वाद अर्धाच राहिला आणि आता मला त्यात एकट्याला बोलावं लागतंय.

तुला माझं माहीत आहे. रस्त्यात दोन कुत्री भांडली तर माझ्या गोष्टीत पाच असतात आणि त्यातलं एक मला चावलेलं असतं. कार्यकारिणीचं दुपारचं स्नेहभोजन होतं. तू आली नव्हतीस, श्रीखंड बाधतं म्हणून. पंगत रंगात आली होती, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी सुरू केलं. "आमची शालन म्हणजे छापखाना आहे. कोरी कादंबरी आली रे आली, की तीस-तीस शिक्के. अर्धी देवघेव तर ती एकटीच करते." अध्यक्षांना हसताना ठसका लागला. कोणीतरी म्हणालं, परत सांगा. मी परत सांगितलं, दुसऱ्यांदा चाळीस केले. तुझे नियम मी सांगितलेच नाहीत. नोंदवहीबद्दलही नाही. त्याने गोष्टीची मजा गेली असती.

पुढच्या आठवड्यात विषयपत्रिकेवर विषय आला, 'ललित विभागाच्या देवघेवीची विश्वासार्हता'.

तुला समोर बसवलं. मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात. अध्यक्ष म्हणाले, "ताई, पुस्तकांवर खोटे शिक्के मारता हे खरं आहे का?"

"हो."

"किती मारता?"

"तीन."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात तीस-चाळीस बसलेले, त्यांना वाटलं तू लपवतेस. नोंदवही माझ्या कोपराखाली होती, शालन. ती उघडून "नोंदी खऱ्या आहेत" एवढं म्हणायचं होतं. पण मग कोणीतरी विचारलं असतं, तीस कोण म्हणालं? मी मान खाली घालून सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'ग्रंथपालांनी आरोप मान्य केला.' माझं अक्षर चांगलं आहे, असं शाळेपासून सगळे म्हणतात. त्या ओळीवरचं तर फारच चांगलं आलंय.

जिन्यात तू मला गाठलंस. "सेक्रेटरी, यांना कोणी सांगितलं रे?"

"असेल कोणीतरी."

"हं." तू दोन पायऱ्या उतरलीस. "ज्याने सांगितलं त्याने भरपूर रंगवून सांगितलं असणार. तीन ऐकून अध्यक्षांचा चेहराच पडला." आणि छत्री काखेत मारून चालू पडलीस.

तुला कळलं होतं का? चाळीत माझ्याइतकं रंगवून सांगणारं दुसरं कोण आहे? मग तोंडावर का नाही म्हणालीस? लहानपणी मी गोट्यांत खोटेपणा केला म्हणून तू बादलीतलं पाणी ओतलं होतंस माझ्या डोक्यावर. तेव्हा एवढी धमक होती, आता काय झालं होतं? मी ठरवलं होतं, शनिवारी सांगायचं. दुपारी कोणी नसतं. वाक्यही तयार केलं होतं, त्यातही थोडं रंगवलंच होतं, हे आता कबूल करतो. तू गुरुवारी गेलीस. हे वागणं बरोबर नाही. शिव्या घालायच्या होत्यास, मग जायचं होतंस.

तर काल शोकसभेत अध्यक्षांनंतर माझं नाव पुकारलं. उभा राहिलो. म्हटलं, "शालनने शिक्के मारले ते तीन. तीस मी म्हणालो. ती माझी थाप होती."

लोक हसायला लागले.

म्हटलं, "हसण्यासारखं नाहीये. तिच्या नोंदवहीत एकही खोटी नोंद नाही. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही."

अजून हसले. मागून आवाज आला, "आता हा हसवून हसवून रडवणार बघ." इतकी वर्षं मी उभा राहिलो की हे लोक हसायची तयारी करून बसतात, ती सवय मीच लावली. मग मात्र माझा आवाज चढला. काय बोललो ते नीट आठवत नाही, माईक शिट्टी वाजवत होता. तुझ्या टेबलावरून नोंदवही उचलली आणि त्या शनिवारच्या कादंबरीखाली आलेली नावं मोठ्याने वाचायला लागलो. तिसऱ्या नावाला एक माणूस उठला. हिंदमाताला साडीच्या दुकानात उभा असतो तो तांबे, उंच, हातावर साडी टाकून दाखवायची सवय असल्यामुळे बोलतानाही एक हात आडवा धरणारा.

"मी नेली होती," तो म्हणाला. "शिक्के बघून नेली. म्हटलं, चालते वाटतं."

अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले, "म्हणजे तांबे, तुमची फसवणूक झाली, हे आता तुम्हाला कळलं."

"झाली ना. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा घडीत ठेवून वाचली. मग बायकोने वाचली. मेव्हणा घेऊन गेला, त्याच्याशी भांडून परत आणली. मला फक्त एक सांगा, फसवणुकीतल्या अजून कुठल्या आहेत? त्या काढून टाकायच्या आधी मला दाखवा."

आता कोणी हसलं नाही. तांबे माझ्याकडे बघत होता. "सेक्रेटरी, तुम्हाला माहीत असतील. एखादी चांगली द्या."

शालन, हे मी तुलाही कधी सांगितलं नाही. एकोणीस वर्षं मी या वाचनालयाचा कार्यवाह आहे आणि त्या मागच्या खोलीतली एकही कादंबरी मी पुरी वाचलेली नाही. कपाटं मोजली, वाळवीचं औषध मारून घेतलं, कुलपं बदलली, वाचनसंस्कृतीवर भाषणं केली. वाचायला मात्र तू होतीस. मी ताठ मानेने मागच्या खोलीत गेलो, सगळी सभा दारातून बघतेय, आणि लाल पुठ्ठ्याचं एक जाडसर काढून तांबेच्या हातात दिलं. "ही घ्या. अप्रतिम आहे." त्याने उघडलं. मधुमेहींसाठी आहार. कोणीतरी चुकीच्या कपाटात खुपसलेलं.

अध्यक्ष हळूच म्हणाले, "हेच तर मी म्हणतोय. खुद्द कार्यवाहांना माहीत नाही आत काय आहे, तर लोकांना कसं कळणार? जागा अडवून काय उपयोग?" आणि ते खरं बोलत होते. या सगळ्यात मला सर्वांत जास्त राग त्याचा आला.

आज सकाळी शेगडीला शिव्या देऊन झाल्यावर मी चावी घेऊन मागच्या खोलीत गेलो. अकरा कपाटांतल्या तारीखपट्ट्या बघत बसलो. तीन शिक्के आणि पुढे कोरं, अशी सात पुस्तकं सापडली. म्हणजे सात पुस्तकं तू वाचलीस, तुला आवडली, आणि तू कोणाची तरी वाट बघत होतीस. त्यातलं एक पिशवीत टाकलं, सभासदांची यादी घेतली आणि निघालो. महिनाअखेरीला मतं लागणार, तर घरोघरी जाऊन सांगायचं ठरवलं.

पहिलंच घर लोअर परळच्या एका टॉवरमागच्या चाळीत, तिसरा मजला, कदमबाई. वीस वर्षांपासूनच्या सभासद, हल्ली पाय दुखतात म्हणून येत नाहीत. दार अर्धंच उघडलं.

"वाचनालयाकडून आलोय. सभेला या, मत द्यायचंय. कादंबऱ्या काढून टाकतायत."

"शालन गेली ना?"

"हो."

"मग आता मला सांगणार कोण काय वाचायचं ते?"

मी पिशवीतून पुस्तक काढलं. "मी सांगतो. ही घ्या. फारच सुंदर आहे."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं नाही. माझ्याकडे बघितलं. "तुम्ही वाचलीत?"

तोंडात 'दोनदा' आलं होतं. 'दोनदा, आणि दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी' असं पुढचंही तयार होतं. मी म्हटलं, "नाही."

"मग वाचून या," त्या म्हणाल्या. "मी कुठे जात नाही." आणि दार लावलं.

तिथेच जिन्यावर बसलो. पहिली दहा पानं रटाळ आहेत, हे तुला सांगून ठेवतो. त्या नायकाचा मामा फार बोलतो, चौथ्या पानावर गेला असता तर कोणाचं बिघडलं नसतं. सतराव्या पानावर कोणाला तरी वर जायचं होतं, मी पाय आखडून घेतले. कोण होतं ते बघितलं नाही. बेचाळिसाव्या पानावर मामाने जे केलं त्याने मी इतका भडकलो की पुस्तक मिटून खाली उतरायला निघालो होतो, दोन पायऱ्या उतरून परत बसलो.

सभेला नऊ दिवस आहेत. माझ्या वेगाने तेवढ्यात ही एक होईल, फार तर पुढचीची चार पानं. आठ कपाटं त्याने वाचतील असं मला वाटत नाही, तुलाही वाटणार नाही. पण कदमबाईंच्या दारात परत उभं राहायचंय. त्या विचारतील, कशी आहे, आणि मला त्यात काहीही वाढवून सांगता येणार नाही, कारण माझ्यानंतर त्या वाचणार आहेत.